मुरबाडकडच्या गावात मातीच्या धरणाच्या पायथ्याशी पाण्याची धार सुरू झालीय. घाबरायचं की नाही?

माहेरवाशीण, ठाणे | रविवार, रात्री 10.50

नमस्कार. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेलं किंवा मातीच्या धरणांची माहिती असलेलं कोणी आहे का इथे? प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळंच लिहिते.

मी सावरकरनगरला राहते. माहेर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्याही पुढे आत. गावाचं नाव देत नाही, कारण दादाला तिथेच राहायचंय आणि कालव्याच्या पाण्यासाठी त्याच साहेबांच्या दारात उभं राहायचंय. गावाच्या वरच्या अंगाला लघुपाटबंधाऱ्याचं धरण आहे. मी चौथीत असताना त्यात पहिल्यांदा पाणी अडलं. शाळेने आम्हाला रांगेत बघायला नेलं होतं, आणि येताना माझी एक चप्पल तिथल्या चिखलात गेली ती गेलीच. भिंत मातीची. पाण्याच्या बाजूने दगड लावलेत, गावाच्या बाजूने गवत. वरून चालत गेले तर माझी 410 पावलं भरली. उंची चौदा मीटर असं दादा सांगतो, पण दादा सगळंच छातीठोक सांगतो. एका टोकाला सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी निघून जायची वाट, डाव्या अंगाला कालव्याची विहीर, आणि तिथून भिंतीच्या पोटातून पाइप कालव्यात येतो.

दादाचं घर ओढ्याच्या काठाने भिंतीपासून साडेतीनशे पावलांवर. घरात आई, दादा, वहिनी, दोन मुलं. त्याच आळीत आणखी अकरा घरं.

मे महिन्यात आईला बघायला गेले होते. सगळीकडचं गवत करपलेलं, आणि भिंतीच्या पायथ्याशी दगडांची जी ओळ आहे तिच्यापुढे एकच तुकडा हिरवागार. आमच्या हॉलएवढा, दहा बाय चौदाचा. लव्हाळा माजलेला, मध्ये दोन पाणकणसं. वहिनीने गाय तिथेच बांधली होती. मी हौसेने फोटो काढला, बाकी डोक्यात काही आलं नाही.

काल लावणीसाठी गेले तर त्याच तुकड्याच्या वरच्या कडेला, कालव्याचा पाइप बाहेर पडतो तिथून चार पावलांवर, दोन दगडांच्या फटीतून पाणी येतंय. करंगळीएवढी धार. पाऊस थांबून तीन तास झाले होते, उतारावरचे ओहोळ आटले होते, ही धार मात्र तशीच. पाणी हाताला गार लागतं. वहिनी तिथे भांडी विसळते. मला म्हणाली, "वन्सं, नळापेक्षा हे बरं, बिल येत नाही."

दादाचं म्हणणं, "तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून तिथे ओल आहे. माठ नाही का पाझरत?" पण धार आधी नव्हती, हे त्यालाही मान्य आहे.

गेल्या वर्षी गावातल्या चौघांनी अर्ज दिला होता. एका कार्यालयाने सांगितलं हे धरण आमच्याकडे नाही. दुसऱ्याने पोच दिली, पुढे काही नाही. चौकीदार निवृत्त होऊन चार वर्षं झाली, जागा रिकामीच. कालव्याच्या गेटचं चाक गंजलंय, ते दोघा-तिघांनी पहार घालून फिरवायचं.

उतारावर चिंबोऱ्यांची बिळं आहेत. पोरं पावसाळ्यात तिथेच चिंबोऱ्या धरतात. एक आंब्याचं झाडही आहे, माझं लग्न ठरलं त्या पावसाळ्यात बाबांनी लावलेलं, म्हणजे एकवीस वर्षांचं. रायवळ आहे, पण लोणच्याला तसली कैरी ठाण्याच्या मंडईत मिळत नाही. झाडाची मुळं माती धरून ठेवतात, तेव्हा त्याची काळजी नाही. विचारायचंय ते धारेबद्दल. ठाण्यात बसून मला काय करता येईल? आईला इकडे घेऊन यावं का? लावणी टाकून ती येणार नाही, हे आधीच सांगते.

---

पप्पू_घोडबंदर | रविवार, रात्री 11.15

मातीच्या प्रत्येक धरणातून पाणी झिरपतं. पस्तीस वर्षं उभं आहे म्हणजे आता काही होत नाही. पावसाळ्यात असले व्हिडिओ बघून सगळेच घाबरतात. ताई, निवांत झोपा.

---

सांडवा | सोमवार, सकाळी 6.20

पप्पूशेठ, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक. धरण काही लोणचं नाही मुरायला.

ताई, मी शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, आता कळव्यात असतो. 31 वर्षांतली बरीचशी असल्याच छोट्या धरणांवर गेली. जागा पाहिल्याशिवाय धोका आहे किंवा नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. काय बघायचं तेवढं सांगतो.

भिंतीच्या पोटात मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचं कवच. गाभ्याखाली पक्का थर लागेपर्यंत खंदक खणून तोही त्याच मातीने भरलेला असतो. गाभ्यातूनही थोडं पाणी येतंच. ते सुखरूप बाहेर काढायला खालच्या अंगाला वाळू, बारीक खडी, मोठी खडी असे गाळणीचे थर आणि शेवटी दगडांचा पायथा, तुम्ही म्हणता ती ओळ. आम्ही त्याला रॉक टो म्हणतो. पाण्याने जावं आणि मातीने मागे राहावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. भावाने दिलेली माठाची उपमा चांगली आहे. पण माठाच्या खालचं पाणी गढूळ यायला लागलं तर आपण माठ बदलतो.

पाण्याबरोबर माती यायला लागली की बाहेरून आत असं बीळ पडत जातं, तळ्याच्या दिशेने मागे मागे. खात्यात ह्याला पायपिंग म्हणतात. वर्षानुवर्षं ते कळत नाही, आणि एकदा तळ्याला भिडलं की काही तासांचा खेळ. म्हणून धार आहे की नाही ह्यापेक्षा ती नितळ आहे की गढूळ, आणि कालच्यापेक्षा वाढली का, हे महत्त्वाचं.

तुमच्या पत्रातली मला न आवडलेली गोष्ट म्हणजे ती धार पाइपाशेजारी आहे. पाइपाला आणि बांधकामाला लागून रोलर नीट फिरत नाही, तिथली माती हाताने ठोकावी लागते आणि ती हमखास कच्ची राहते. पाणी बरोबर तीच वाट धरतं. पानशेतलाही घोळ विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, भुयारावरचा भराव खचण्यातून झाला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि 12 जुलै 1961 च्या सकाळी धरण गेलं.

आता कामाचं. रंगाचा पाच लिटरचा रिकामा डबा घ्या. धारेखाली पत्र्याची पन्हळ बसवा म्हणजे सगळं पाणी डब्यातच पडेल. डबा भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. रोज एकाच वेळी, पाऊस थांबून दोन-तीन तास झाल्यावर, नाहीतर उतारावरचं पाणी हिशेबात येतं. त्याच वेळी तळ्याचं पाणी सांडव्याच्या माथ्यापासून किती खाली आहे तेही लिहा. तळं चढलं की धार थोडी वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पातळी तेवढीच राहून धार वाढली तर मात्र लगेच कळवा. काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा आणि सकाळी तळ बघा. ओल्या तुकड्याच्या कडेने बांबूच्या खुंट्या ठोका, ओल खुंट्यांबाहेर पसरते का ते दिसेल. भिंतीच्या माथ्यावर लांबीला धरून भेग आहे का, कुठे बसलीय का, पाण्याच्या बाजूचे दगड खचलेत का, तेही पाहून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. त्या फटीत चिकणमाती लिंपू नका. गावात पहिली बुद्धी तीच होते. वाट बंद केली की पाणी आत दाबाने साठतं आणि दुसरीकडून फुटतं. गढूळ पाणी येऊ लागलं तर तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड, म्हणजे पाणी येत राहील आणि माती अडेल. तोही तात्पुरताच इलाज.

आता आंबा. वाईट वाटेल, पण तो तिथे नको. मुळं माती धरतात हे डोंगराला खरं. धरणाच्या भरावात मुळं ओलीच्या शोधात आत जातात. झाड वादळात पडलं तर मुळांसकट भरावाचा लचका निघतो, आणि वाळलं तर मुळं कुजून त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. उतारावर हरळी असावी, बास. पण आत्ता कुऱ्हाड लावू नका! नुसतं खोड कापलं तर मुळं आत कुजणारच. उन्हाळ्यात तळं खाली गेल्यावर, खात्याच्या माणसासमोर बुंधा आणि जाड मुळं खणून काढायची आणि खड्डा थराथराने ठोकून भरायचा. पुढच्या मेपर्यंत वेळ आहे, कैऱ्या उतरवून मग.

कार्यालयांच्या टोलवाटोलवीबद्दल. ज्या धरणाखाली 100 हेक्टरपर्यंत भिजतं ते साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची मृद व जलसंधारण नाहीतर जलसंपदा विभागाकडे. अर्ज तिन्हीकडे टाका. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर पाहणीचे अहवाल मागा. उत्तराला 30 दिवस असतात, पण जिवाशी संबंधित माहितीला 48 तास, ते कलम अर्जात लिहायला विसरू नका.

---

वाशिष्ठीकाठचा, ऐरोली | सोमवार, दुपारी 1.05

मी चिपळूणचा. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं तेव्हा मी इथे ऐरोलीत होतो आणि मामाचा फोन लागत नव्हता. मामा वाचला, त्याचं घर वरच्या अंगाला होतं. खालची भेंदवाडी रात्रीतून धुवून गेली. वीसच्या आसपास माणसं. तेही मातीचं, छोटंच धरण होतं, आणि गळतंय म्हणून गावकऱ्यांनी आधी सांगितलेलं होतं.

नंतर तेव्हाचे जलसंधारणमंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. ठाण्यात नौपाडा पोलीस ठाण्यात लोक खेकडे घेऊन गेले होते, ह्यांना अटक करा म्हणून. आठवत असेल. तेव्हा सगळे हसले, मला काही हसू आलं नाही.

ताई, दिवसाचं सोडा, रात्रीचं ठरवा. रात्री काही झालं तर कोणी कोणाला उठवायचं आणि कुठल्या वाटेने जायचं? ओढ्याच्या काठाने पळायचं नाही, आडवं, चढाला पळायचं. लाइट गेलेली असेल, मोबाइल बंद असेल, असं धरून चाला.

---

गळकरी_शहापूर | सोमवार, रात्री 9.40

मी सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला त्या पट्ट्यातल्या बऱ्याच तळ्यांवर जातो. ताई, धरणाचा सांडवा जाऊन बघा एकदा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांबू रोवून जाळं लावतात. त्यात पालापाचोळा, जलपर्णी, प्लास्टिक अडकून पक्की भिंत होते. एका ठिकाणी तर जास्त पाणी राहावं म्हणून फळ्या टाकून वर मातीच्या गोणी ठेवलेल्या पाहिल्यात.

आणि ठाणे-डोंबिवलीकडून येणारे आपलेच लोक. भिंतीवर गाड्या नेतात, सांडव्याखाली भिजतात, बाटल्या फोडतात. जिल्हाधिकारी पावसाळ्यात बंदीचा आदेश काढतात, तो फ्लेक्स वाचत लोक आत जातात.

---

सांडवा | सोमवार, रात्री 10.10

गळकरी, लाख बोललात. मातीच्या धरणावरून पाणी ओसंडलं तर खालचा उतार बघता बघता कापला जातो, ते त्यासाठी बांधलेलंच नसतं. सांडवा हीच त्याची एकमेव सुटका. सह्याद्रीच्या पायथ्याची पाणलोटं लहान आणि तीव्र उताराची, घाटात मुसळधार लागला की तासा-दोन तासांत लोंढा तळ्यात. 26 जुलै 2005 ज्यांनी ह्या जिल्ह्यात पाहिलाय त्यांना सांगायला नको.

खेकड्यांचंही सांगून टाकतो. बीळ करतात हे खरं, घुशी आणि घोरपडीही करतात, आणि प्रत्येक बीळ पाण्याची वाट तेवढी आखूड करतं. पण ते बीळ बघून बुजवायला माणूस नेमलेला असतो. तो चार वर्षं नसेल तर दोष चिंबोरीला कसा द्यायचा?

---

माहेरवाशीण, ठाणे | शुक्रवार, रात्री 11.30

सगळ्यांचे आभार. सांडवाकाका, आंब्याचं वाचून मी दोन दिवस इथे फिरकले नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

मोजायचं काम दादाच्या मुलीने घेतलंय. नववीत आहे, विज्ञानाच्या वहीची मागची पानं वापरते. डबा आमच्या घराच्या रंगकामातला उरलेला, पन्हळ गोठ्याच्या जुन्या पत्र्याची.

मंगळवारी तळं सांडव्याखाली 85 सेंमी, डबा भरायला 40 सेकंद, पाणी नितळ. बुधवारी 70 सेंमी, 36 सेकंद. गुरुवारी पाऊस थांबलाच नाही म्हणून नोंद नाही. आज 40 सेंमी, 31 सेकंद, नितळ. खुंट्यांबाहेर ओल आहे की नाही हे तिला कळत नाही, कारण सगळीकडेच ओल आहे. भिंतीच्या माथ्यावर भेग नाही. सांडव्यावर बांबू आणि जाळं आहे, गळकरींनी वर्णन केलंय अगदी तसं. जाळ्याचा विषय काढल्यावर दादा म्हणाला, तू ह्यात पडू नकोस. म्हणजे कोणाचं आहे ते त्याला माहीत आहे.

रात्रीचं ठरवलंय. वरच्या आळीतल्या शाळेची किल्ली आता आमच्या घरात असते, आणि देवळातली घंटा सलग वाजली की निघायचं. उद्या मी जातेय.

---

माहेरवाशीण, ठाणे | रविवार, सकाळी 6.35

सांडवाकाका, जागे आहात का?

काल दुपारी मीच मोजलं. तळं शुक्रवारएवढंच, 40 सेंमी खाली. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा 24 सेकंद. धारेच्या तोंडाशी बारीक पिवळट मातीचा छोटा ढीग झालाय, मुंग्यांच्या वारुळाला असतो तसा. बोटाने सारला, अर्ध्या तासाने परत जमला.

जॅमच्या बाटलीत पाणी भरून एसटीने कल्याण आणि लोकलने ठाणे असं मांडीवर धरून आणलं. रात्री ओट्यावर ठेवलं. पहाटे सासूबाई ते तुळशीला घालायला निघाल्या होत्या, नशीब मी उठले. तळाला गाळाचा थर आहे, रुपयाच्या नाण्याच्या जाडीचा. वरचं पाणी स्वच्छ दिसतं, काल धारेतही मला ते फार गढूळ वाटलं नव्हतं.

---

सांडवा | रविवार, सकाळी 6.50

जागा आहे. पातळी तीच, धार सव्वापटीहून जास्त, आणि माती येतेय. आता अर्ज-बिर्ज नंतर. आत्ता 1077 लावा, तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे. गाव, तालुका, धरण, पायथ्याशी कुठे, आणि हे दोन आकडे सांगा. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. मग भावाला सांगून तलाठी, सरपंच, पोलीस पाटील. कालव्याचं गेट उघडून तळं उतरवावं लागेल, पण पाइप त्याच जागेजवळून जातो, म्हणून ते साहेब आल्यावर त्यांच्यासमोर. सांडव्यावरचं जाळं मात्र कोणाचंही असो, आजच्या आज निघालं पाहिजे. अकरा घरांतली आणि भावाच्या घरातली माणसं आज रात्री शाळेत झोपतील.

---

पप्पू_घोडबंदर | रविवार, सकाळी 9.20

ताई, सॉरी. माझी गाडी मोकळी आहे, सहा जण बसतात. आईंना किंवा मुलांना आणायचं असेल तर सांगा, मी निघतो.

---

माहेरवाशीण, ठाणे | पुढचा सोमवार, रात्री 9.00

इतके दिवस लिहायला जमलं नाही. सगळे सुखरूप आहेत, हे आधी.

1077 वरच्या माणसाने गावाचं नाव तीनदा विचारलं, पण लिहून घेतलं. दुपारी तलाठी आले, संध्याकाळी खात्याचे एक कनिष्ठ अभियंता, सोबत दोन माणसं. तरुण मुलगा, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. आल्या आल्या म्हणाला, "आकडे कोणी काढले?" भाचीने वही पुढे केली. त्याने तिच्या पानाचा फोटो काढून तिथूनच वर पाठवला. त्यानंतर जी हालचाल झाली ती गेल्या वर्षीच्या चार सह्यांच्या अर्जाने झाली नव्हती.

गेटच्या चाकाला डिझेल आणि ग्रीस घालून, पहार लावून पाच जणांनी ते थोडं थोडं करत उघडलं. त्या वेळी एक माणूस धारेपाशी बसून होता, काही बदललं तर ओरडायला. जाळं रात्री आठला निघालं. कोणाचं ते कोणी विचारलं नाही, ज्याचं होतं तोच कोयता घेऊन कापायला आला होता. दुसऱ्या दिवशी दोन डंपर आले, एक वाळूचा आणि एक खडीचा. धारेच्या तोंडावर काकांनी सांगितलेत तेच थर घातले. मी त्या मुलाला म्हटलं, आम्हाला एका काकांनी हेच सांगितलं होतं. तो हसला, म्हणाला, कुठले काका?

शाळेत तीन रात्री काढल्या. निघताना आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि भाताच्या बियाण्याचा डबा घेतला, मोबाइल चार्जिंगला घरीच राहिला. पप्पूदादा, तुम्ही खरंच येऊन दोन्ही मुलांना माझ्याकडे सोडलंत, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, हे इथे लिहायचंच होतं. भाची मात्र दोन दिवसांत परत गेली, वही तिथे राहिली म्हणून.

आणखी एक. कागदावर धरणाची उंची 15.8 मीटर आहे, कारण ती जमिनीपासून नाही, पायाच्या खोल भागापासून मोजतात. म्हणजे 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात ते बसतं. पंधरा मीटरच्या वर म्हणजे त्यात आलंच. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी कायद्यानेच करायची असते. दादाचे चौदा मीटर एकदाचे निकालात निघाले.

---

सांडवा | सोमवार, रात्री 9.25

त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. कायद्यात बसतं म्हणजे नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेकडे अहवाल गेला पाहिजे, पाठपुरावा सोडू नका. थर घातले म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही, पट्टी बांधलीय. पाइपाभोवतीचं काम उन्हाळ्यातच होईल. तोवर तळं खालीच ठेवायला सांगा, भात गेलं तरी चालेल. आता आकडे किती?

---

माहेरवाशीण, ठाणे | सोमवार, रात्री 9.50

भात गेलं तर दादा मला गावात घेणार नाही काका, पण सांगते.

वाळूच्या थरांखालून पाणी आता एका पाइपने बाहेर काढलंय, डबा तिथे धरतात. आजची नोंद भाचीने पाठवलेल्या फोटोतून उतरवते: तळं सांडव्याखाली 1 मीटर 60, 43 सेकंद, बाटलीत गाळ नाही, सकाळपासून पाऊस नाही. खाली तिने स्वतःहून लिहिलंय, "साहेबांनी आंब्यावर चुन्याची फुली मारली. आजी विचारत होती, फुली कशाची. मी सांगितलं, मोजणीची."